पुण्याभोवती अंधार शोधताना

आधी एक कबुली. आपल्या चळवळीच्या भाषेत अंधार म्हणजे अज्ञान, अंधार म्हणजे गुलामी आणि बाबासाहेब म्हणजे उजेड. भाषणात, जलशात, भीमगीतात आम्हीही हेच म्हणत आलो. आणि गेली काही वर्षे आम्ही पुण्यातल्या एका वस्तीतली दहा-बारा पोरं-पोरी दर दोन-तीन महिन्यांनी, अमावास्येच्या आगेमागे, गाडी काढून अंधार शोधायला निघतो. पेट्रोलचे पैसे वर्गणीतून. घरचे विचारतात, कशाला? चळवळीतले ज्येष्ठ विचारतात, एवढे प्रश्न पडलेत आणि तुम्हाला चांदण्या सुचतात का? प्रश्न रास्त आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

सुरुवात ठरवून झालेली नाही. २५ डिसेंबर २०२२. मनुस्मृती दहन दिनाला महाडला गेलो होतो. क्रांतिस्तंभ, चवदार तळे, पुस्तकांचे स्टॉल, ओळखीच्यांच्या भेटी हे सगळे आटोपून आम्ही नऊ जण एका जुन्या सुमोत कोंबून बसलो. माणगाववरून ताम्हिणी घाट चढलो आणि रात्री दहाच्या सुमारास मागचे चाक बसले. आसपास वस्ती नाही, मोबाइलला रेंज नाही. ड्रायव्हरदादाने बॅटरी उतरायला नको म्हणून हेडलाइट बंद केले. दोघे जण टॉर्च धरून स्टेपनी बदलत होते, बाकीचे थोडे पुढे चालत गेले आणि तिथेच उभे राहिले.

आमच्यात एक ताई आहे, विज्ञान शिकवते. मृग, व्याध, कृत्तिका तिला पाठ. पण त्या रात्री तिलाही पहिली दोन-तीन मिनिटे मृग सापडेना. शहरात मृगाचे सात-आठ ठळक तारे तेवढे दिसतात, म्हणून आकृती चटकन ओळखू येते. इथे त्या ताऱ्यांच्या मध्ये, मागे, बाजूला इतके तारे होते की आकृतीच हरवली. कृत्तिकांचा पुंजका बरोबर डोक्यावर होता आणि त्याच्या पूर्वेला रोहिणीच्या जवळ एक तांबडा, न लुकलुकणारा ठिपका, व्याधाच्या तोडीचा तेजस्वी. ताई म्हणाली, हा मंगळ. त्याच महिन्यात तो पृथ्वीच्या जवळून गेला होता. जवळून म्हणजे तरी आठ कोटी किलोमीटरवरून.

आमच्यातली दुसरी एक जण बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "हाच का तो? ह्याच्यामुळे माझं ठरलेलं लग्न मोडलं."

सगळे हसले, मग कोणी हसेना. तिच्या घरात बुद्ध आणि बाबासाहेबांचे फोटो, मुलाच्या घरातही तेच. बावीस प्रतिज्ञा दोन्हीकडे तोंडपाठ. तरी मुलाच्या मामाने हळूच जन्मवेळ मागून घेतली आणि आठ दिवसांनी निरोप आला की मुलीला मंगळ आहे. दोष आम्ही कुणाला देणार? हे आपल्याच घरात चालते. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात जे टाकून आलो ते काही घरांत मागच्या दाराने परत आले आहे. पत्रिका बघायला भटजीकडे जात नाहीत, मोबाइलवर ॲप आहे.

इथे पुण्यातलेच एक उदाहरण सांगितले पाहिजे. डॉ. जयंत नारळीकरांनी २००८ मध्ये ज्योतिषाची एक चाचणी घेतली होती. सोबत संख्याशास्त्राचे प्राध्यापक सुधाकर कुंटे, डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि स्वतः पूर्वी ज्योतिषी असलेले प्रकाश घाटपांडे होते. शंभर हुशार विद्यार्थ्यांच्या आणि शंभर मतिमंद मुलांच्या पत्रिका तयार केल्या. भाग घेतलेल्या प्रत्येक ज्योतिषाला त्यांतल्या चाळीस दिल्या आणि कोणती कुणाची ते सांगा म्हटले. सत्तावीस ज्योतिषांनी उत्तरे पाठवली. बरोबर आलेल्या उत्तरांचे प्रमाण सुमारे ४६ टक्के होते. नाणे उडवले असते तर ५० टक्के आले असते. दाभोलकरांचा खून २० ऑगस्ट २०१३ ला याच शहरात, पुलावर, सकाळी फिरायला गेले असताना झाला.

तर त्या रात्री स्टेपनी बसवून झाली तरी अर्धा तास कोणी गाडीत बसेना. ज्या मंगळयानाचा आपण शाळा-शाळांत जल्लोष केला, त्याच्याशी इस्रोचा संपर्क कायमचा तुटल्याचे त्याच ऑक्टोबरमध्ये जाहीर झाले होते. ते यान अजून त्या तांबड्या ठिपक्याभोवती होते. आपल्या देशातल्या कामगारांनी आणि तंत्रज्ञांनी बनवलेली वस्तू तिथे फिरते आहे, आणि खाली एका मुलीचे लग्न त्याच ठिपक्यावरून मोडते. परतीच्या वाटेवर बाकी विषय निघाला नाही. ठरले, पुन्हा यायचे.

पण कुठे? इथून आमचा शोध सुरू झाला आणि लक्षात आले की अंधार सहजासहजी मिळत नाही.

आधी वस्तीतच प्रयत्न केला. विहाराच्या गच्चीवरून स्वच्छ रात्री तारे मोजले. एकदा अकरा भरले, एकदा चौदा. समोर नगरसेवकाने बसवलेला हायमास्ट, मागे मॉलचा पांढरा झोत, रस्त्याकडेला होर्डिंगचे दिवे. अंधार मोजायला एक मापपट्टी आहे. जॉन बॉर्टल नावाच्या अमेरिकन हौशी निरीक्षकाने २००१ मध्ये ती मांडली. एक म्हणजे पूर्ण काळे आकाश, नऊ म्हणजे महानगराचा मधला भाग. आमची गच्ची आठ-नऊमध्ये येते. ताम्हिणीतली ती जागा आमच्या अंदाजाने चार. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रकाश प्रदूषणाच्या जागतिक नकाशानुसार जगातल्या एक तृतीयांश माणसांना आपल्या राहत्या ठिकाणाहून आकाशगंगेचा पट्टा दिसत नाही. असे नकाशे इंटरनेटवर फुकट बघता येतात. उपग्रहाने रात्री टिपलेल्या उजेडावरून ते बनवतात. त्यात पुणे, पिंपरी-चिंचवड, चाकण, तळेगाव असा एकच पांढरा-तांबडा डाग दिसतो आणि रांजणगावकडे त्याची शेपटी गेलेली आहे. पश्चिमेला आणि नैर्ऋत्येला, सह्याद्रीच्या कडेने, रंग झपाट्याने उतरतो. मुळशी, पानशेत, वरसगावच्या धरणांपलीकडे, वेल्हे आणि भोरच्या डोंगरांत खरा अंधार आहे.

धरणांपलीकडे अंधार का, यावरही आमची चर्चा झाली. मुळशीचे धरण टाटांनी मुंबईला वीज देण्यासाठी बांधले. त्याविरुद्ध १९२१ पासून मावळ्यांनी सत्याग्रह केला, सेनापती बापट तुरुंगात गेले, गावे बुडायची ती बुडालीच. मुंबई उजळली आणि ज्यांची जमीन गेली त्यांच्या काठावर शंभर वर्षांनीही नकाशात काळा रंग आहे. आमचे मुंबईचे मित्र म्हणतात, तुमचे बरे आहे, तासा-दीड तासात अंधार मिळतो. त्यांच्या एका बाजूला समुद्र. समुद्रावर वस्ती नाही, पण किनारपट्टीचे दिवे आणि दमट हवा यांमुळे वर नुसता तांबूस पडदा. ते लोकलने वांगणीला येतात, तिथे खगोल मंडळाचे रात्रभराचे आकाशदर्शन असते, फार चांगले असते म्हणतात. पुण्यात तर १९४४ पासून ज्योतिर्विद्या परिसंस्था आहे. आयुका आहे. या लोकांचे काम मोठे आहे आणि त्यांची दारे आम्हाला कोणी बंद केली नव्हती. पण आमच्या शाळेतून कधी सहल गेली नाही, घरात कोणी नाव घेतले नाही, त्यामुळे तीन-चार किलोमीटरवर असे काही आहे हे आम्हाला पंचविशी उलटल्यावर कळले. आपल्या पोरांना हे दहाव्या वर्षी कळायला हवे.

मोठ्या दुर्बिणीसाठी शास्त्रज्ञांनीही हाच शोध घेतला होता. आयुकाची दोन मीटर व्यासाची दुर्बीण पुण्यात नाही, ती आंबेगाव तालुक्यात गिरवलीच्या डोंगरावर आहे, २००६ पासून. पुढे नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटीच्या प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या विखुरल्या आहेत. त्या रेडिओ लहरी टिपतात, त्यामुळे त्यांना दिव्यांचे सोयरसुतक नाही, मोबाइलचे आहे. २८ फेब्रुवारीला विज्ञान दिनानिमित्त तिथे प्रदर्शन असते. वस्तीतल्या मुलांना घेऊन जा, दिवसाचे काम आहे, रात्रीची भीती नाही.

रात्रीच्या भीतीबद्दल आता स्पष्ट बोलू. सुरुवातीला आम्ही सिंहगडाच्या पायथ्याला गेलो, पूर्वेचे निम्मे आकाश शहराने खाल्लेले. बोपदेव घाटात गेलो, तिथून शहराचे दिवेच जास्त दिसतात, आणि तिथे ऑक्टोबर २०२४ मध्ये एका तरुणीवर सामूहिक बलात्कार झाल्यानंतर आमच्यातल्या मुलींच्या घरून वर्षभर परवानगी मिळाली नाही. पवना धरणाच्या काठी गेलो तर तंबूंची रांग, डीजे, तळलेल्या चिकनचा वास आणि 'ताऱ्यांखाली एक रात्र' म्हणून माणशी दीड हजार रुपये. रंगीत लाइटच्या माळा एवढ्या की तारे शोधावे लागतात.

मग नकाशा बघून वेल्ह्याच्या पुढे एका गावाबाहेरचा माळ निवडला. तीन मोटरसायकलींवर सहा जण, सगळे पोरगे. चटया टाकल्या. तासाभराने चार-पाच जण बॅटऱ्या घेऊन आले. शेतकऱ्यांच्या विहिरीवरच्या मोटारी चोरीला जातात, केबली कापून नेतात, त्यामुळे त्यांनी विचारणे गैर नव्हते. आम्ही खरे सांगितले की तारे बघतोय. दुर्बीण दाखवली. त्यांच्यातल्या एकाने डोळा लावून शनीही बघितला. बोलणे चांगले चालले होते. मग एकाने आडनाव विचारले. आमच्यातला एक म्हणाला, जाधव. "कुठले जाधव?" गाव सांगितले. "तसं न्हाय, कुठले जाधव?" तेवढ्यात दुसऱ्याची बॅटरी गाडीवरच्या निळ्या स्टिकरवर गेली. मारहाण नाही, शिवी नाही, आवाजही चढला नाही. एवढेच म्हणाले, "हितं थांबू नका, गावाला आवडायचं न्हाय." रात्रीचे साडेअकरा वाजले होते. आम्ही चटया गुंडाळल्या. आमच्या एकाच्या ऑफिसातला एक ग्रुप त्याच माळावर मोठी दुर्बीण घेऊन नेहमी जातो, त्यांना त्याच गावातून पहाटे चहा येतो. हे सांगताना त्या सहकाऱ्याला काही वावगे वाटले नाही, त्याला ठाऊकच नव्हते.

नकाशातला रंग काळा असला म्हणून जागा मोकळी असते असे नाही, हे आम्हाला तिथे कळले. मग आम्ही दुसरा नकाशा काढला. आमच्यातल्या कुणाचे आजोळ, कुणाची आत्या, कुणाचा मावसभाऊ कुठे राहतो ते एका कागदावर लिहिले आणि तो कागद उजेडाच्या नकाशाशेजारी ठेवला. भोर तालुक्यातले एक गाव दोन्हीकडे जुळले. तिथे आमच्यातल्या एकाची चुलत आज्जी राहते.

एक गणित इथे सांगून ठेवतो, नव्याने जाणाऱ्यांना उपयोगी पडेल. शहराचा उजेड क्षितिजावर घुमटासारखा दिसतो, तेव्हा शहर पाठीशी ठेवायचे. दक्षिणेकडचे तारे बघायचे असतील तर शहराच्या दक्षिणेला जायचे. जुन्नरकडे गेलात तर नेमके दक्षिणेलाच पुणे आडवे येते. भोरला ते उत्तरेला राहते आणि दक्षिण मोकळी मिळते. जून ते सप्टेंबर पावसामुळे विसरायचे. ऑक्टोबर-नोव्हेंबरला देवयानी दीर्घिकेचा पुसट ठिपका नुसत्या डोळ्यांनी दिसतो. तो प्रकाश तिथून निघून पंचवीस लाख वर्षे झाली, तेव्हा माणूसही नव्हता आणि वर्णही नव्हते. ३१ डिसेंबरच्या रात्री भीमा कोरेगावला जाल तेव्हा मध्यरात्रीच्या सुमारास दक्षिणेला वर बघा, व्याध आपल्या सर्वांत उंच जागी असतो, तिथल्या उजेडातही दिसतो. चंद्र कधी मावळतो ते कॅलेंडरात बघायचे, पंचांगाचा आम्हाला तेवढाच उपयोग. अमावास्येला लोक प्रवासाला निघत नाहीत, त्यामुळे गाडी दोन-तीनशेने स्वस्त मिळते हा आमचा अनुभव आहे. फक्त ड्रायव्हरदादा लिंबू-मिरची काढू देत नाही. डोळे अंधाराला सरावायला वीस ते तीस मिनिटे लागतात आणि एकदा मोबाइल उघडला की सगळे पुन्हा पहिल्यापासून. टॉर्चला लाल जिलेटीनचा कागद लावा. महागड्या दुर्बिणीच्या नादी लागू नका, १० × ५० ची द्विनेत्री पुष्कळ झाली, आमची वर्गणीतून घेतलेली आहे. पायात बूट घाला, उन्हाळ्यात साप बाहेर असतात.

२०२३ च्या एप्रिलमध्ये, जयंतीची मिरवणूक होऊन आठवडा झाल्यावर, अमावास्येनंतरच्या शनिवारी आम्ही आज्जींकडे पोचलो. पश्चिमेला चंद्राची बारीक कोर आणि वर शुक्र. बौद्धवाडा गावापासून वेगळा, ओढ्याच्या अलीकडे. सगळीकडे असतो तसाच. गावात दिवे, देवळावर दिवे, मग मध्ये मोकळी काळी जागा आणि मग आपली वीस-बावीस घरे. वाड्याच्या तोंडाशी विजेच्या खांबावर एक एलईडी, मान वर करून बसवलेली, सगळा पांढरा उजेड समोरच्या झाडावर आणि आभाळात. आमच्यातला एक जण उत्साहाच्या भरात म्हणाला, "आज्जी, तासभर हा दिवा बंद करता येईल का? इथूनच काय दिसेल बघा."

आज्जी त्याच्याकडे बघत राहिल्या. म्हणाल्या, "त्यो दिवा बंद करायचा न्हाय. त्यो लागाया किती वरसं गेली ठावं हाय का तुला? गावात लाइट आली तवा माझं पोरगं पाळण्यात व्हतं. हितं खांब आला तवा त्येला मिसरूड फुटलं व्हतं. ह्याच वाटंवर सुनंला इंचू चावला, काळामिट्ट अंधार. तुमास्नी चांदण्या बघायच्या तर वढ्यापल्याड जावा."

आम्ही खाली मान घालून ओढ्यापलीकडे गेलो. आता यावर आमचे म्हणणे सांगतो. शहरातले काही निसर्गप्रेमी प्रकाश प्रदूषणावर बोलतात तेव्हा 'पूर्वी गावात कसा छान अंधार होता' असे म्हणतात. तो छान अंधार कुणाच्या वाट्याला आला होता? संडासला जाणारी बाई, विंचू, साप, रात्री अंगावर येणारे लोक, हे त्या अंधारात होते. दिवा शेवटी आमच्याकडे आला आणि काढायची वेळ आली की पहिला आमचाच काढतील. अंधार लादलेला आणि अंधार आपण जाऊन शोधलेला, या दोन गोष्टी आहेत. पहिल्याविरुद्ध लढल्याशिवाय दुसऱ्याची चैन करता येत नाही.

जेवण झाल्यावर आज्जीही काठी टेकत पलीकडे आल्या. वय ऐंशीच्या पुढे. आमची ताई उत्तरेला बोट करून सप्तर्षी दाखवत होती. आज्जी म्हणाल्या, "ते व्हय? ते खाटलं. म्हातारीची खाट. चार खुरं आन् तीन चोर मागं लागल्यात." मग सांगितले की त्यांचे सासरे वेसकर होते. रात्रभर वेशीवर जागायचे, हातात घुंगरांची काठी. घड्याळ कुठले असणार? खाटलं मावळतीकडे कलले की सासरे घरी येणार, मग चूल पेटवायची, हे सुनेला माहीत. मृगाच्या पट्ट्यातल्या तीन ताऱ्यांना त्या तिकांडं म्हणाल्या.

वेसकरकी म्हणजे काय ते आपल्याला वाचून माहीत आहे. महार वतनाच्या बेड्या तोडायला बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात बिल आणले होते. ती वतने कायद्याने संपायला १९५८ उजाडले. पण त्या वेठीचे एक अंग आमच्या कधी लक्षातच आले नव्हते. गाव झोपलेले असताना रोज रात्री उघड्यावर जागा असलेला माणूस कोण होता? पंचांग ज्यांच्या घरात होते ते आत झोपले होते. ज्याला अक्षर शिकू दिले नाही तो आभाळावर वेळ वाचत होता. पेशवाईतल्या पुण्यात दुपारी तीननंतर आणि सकाळी नऊच्या आत महार-मांगांना वेशीच्या आत येऊ देत नसत, कारण त्या वेळी सावल्या लांब पडतात, असे गो. स. घुर्ये यांनी नोंदवले आहे. सूर्य खाली असला की सावली लांब, एवढे खगोलशास्त्र त्या राज्यकर्त्यांना येत होते आणि ते त्यांनी यासाठी वापरले.

त्या रात्री साडेदहा-अकराच्या सुमारास एक गंमत होती. उत्तरेला सप्तर्षी उंच आणि त्याच वेळी दक्षिणेला, डोंगराच्या थोडे वर, त्रिशंकू. पुण्याच्या अक्षांशावरून हा चार ताऱ्यांचा क्रूस क्षितिजापासून फार वर येत नाही, आठ ते पंधरा अंश. एप्रिल-मे सोडला तर रात्री उशिरा किंवा पहाटे शोधावा लागतो. सप्तर्षीतला शेपटीकडून दुसरा तारा वसिष्ठ. रामायणातली गोष्ट अशी की त्रिशंकू राजाला देहासह स्वर्गात जायचे होते, वसिष्ठाने नकार दिला आणि वसिष्ठाच्या मुलांनी त्याला चांडाळ होण्याचा शाप दिला. विश्वामित्राने त्याला वर पाठवले, इंद्राने ढकलून दिले, तो अधांतरी उलटा लटकला. म्हणजे आभाळातही एक वेस, आत वसिष्ठ आणि बाहेर चांडाळ. शाळेत 'त्रिशंकू अवस्था' हा वाक्प्रचार शिकवतात, ही गोष्ट कोणी सांगत नाही. आज्जींना सांगितली तर म्हणाल्या, "मंग चांगला वर हाय की त्यो. कुणाला उतरवता आला?"

आमच्यातल्या सर्वांत लहान पोराने, बारावीत आहे, विचारले की तारे कशाचे असतात. ताईने सांगितले की आपल्या रक्तातले लोह आणि हाडांतले कॅल्शियम कुठल्यातरी ताऱ्यातच तयार झाले आहे, तारे मरताना ते बाहेर फेकतात. मग रोहित वेमुलाचा विषय निघाला. रोहितला कार्ल सेगनसारखे विज्ञानावर लिहायचे होते. १७ जानेवारी २०१६ च्या त्याच्या शेवटच्या पत्रात ताऱ्यांच्या धुळीची आठवण आहे. आपण ते पत्र किती सभांमध्ये वाचले, पोस्टरवर छापले. आम्ही सगळ्यांनी ते वाचले होते, आणि त्यात तारे का आहेत हा प्रश्न एकालाही पडला नव्हता. त्याला चळवळ आणि आकाश असे दोन कप्पे करावे लागले नव्हते. रात्री दोननंतर वृश्चिकाच्या मागून आकाशगंगेचा मधला, दाट भाग वर आला. तोवर आज्जी झोपायला गेल्या होत्या.

दिव्याचे राहिले. नागपूरजवळच्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये देशातले पहिले डार्क स्काय पार्क म्हणून मान्यता मिळाली. ती बातमी वाचताना आम्हाला त्यातली एक गोष्ट महत्त्वाची वाटली. तिथल्या गावांतले दिवे काढून टाकले नाहीत, खाली उजेड टाकणारे बसवले. हे साधे आहे. दिव्याचा जो उजेड वर जातो तो कुणाच्याच कामाचा नसतो, आणि पांढऱ्या-निळसर उजेडापेक्षा पिवळसर उजेड हवेत कमी पसरतो. पुण्यात होर्डिंगवाले खालून वर झोत मारतात, हायमास्ट चारी दिशांना उजेड सांडतो, आणि त्याच हायमास्टच्या मागच्या गल्लीत बायका मोबाइलच्या टॉर्चवर संडासला जातात. आमची मागणी असलीच तर ही आहे की दिवा गल्लीत लावा आणि त्याचे तोंड जमिनीकडे ठेवा. आमच्या प्रभागात तसे निवेदन दिले आहे, अजून उत्तर नाही.

भोरच्या गावी मात्र काम झाले. पुढच्या खेपेला आमच्यातल्या फॅब्रिकेशनवाल्याने ग्रामपंचायतीच्या वायरमनला गाठले, चहा पाजला. तो खांबावर चढला, पान्याने दोन नट सैल केले आणि दिव्याची मान खाली केली. पाच मिनिटांचे काम. झाडावरचा उजेड गेला, वाटेवर आला, ओढ्यापर्यंतचे दगड दिसायला लागले. आज्जी ओट्यावरून बघत होत्या. म्हणाल्या, "आता बरं दिसतंया. हे आधीच का न्हाय केलं रं?" वायरमन म्हणाला, कुणी सांगितलंच नव्हतं.

पुढची फेरी दिवाळीनंतरच्या अमावास्येला आहे. सुमोत दोन जागा रिकाम्या आहेत. स्वेटर आणि चटई आपली आपण आणायची, भाकरी आज्जींकडे.